स्पीकर बदला, पण ओहम पाहून

गिटारच्या कॉम्बो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असतात. स्पीकरचा कागदी शंकू फाटला की आवाज घरघरू लागतो. अशा वेळी संपूर्ण यंत्र मोडीत काढण्याचे कारण नाही. नवा स्पीकर बसविता येतो. मात्र, केवळ १२ इंचांचे माप जुळले म्हणून भागत नाही.

पहिली अट इम्पिडन्सची, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाची. तो सहसा ४, ८ किंवा १६ ओहम असतो आणि जुन्या स्पीकरइतकाच असावा लागतो. तो न जुळल्यास व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला कमी ओहमचा स्पीकर धोक्याचा ठरतो. दोन स्पीकर असल्यास जोडणीही पाहावी. ८ ओहमचे दोन स्पीकर एकसर जोडल्यास १६, तर समांतर जोडल्यास ४ ओहम होतात.

दुसरी अट वॅटची. व्हॉल्व्हचा १५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात त्याहून अधिक शक्ती देतो. म्हणून स्पीकर किमान २५ ते ३० वॅटचा घेणे श्रेयस्कर.

बदलताना प्लग काढलेला असला, तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे आतील सर्किटला हात लावू नये. तारांचे धन-ऋण टोक आधी नोंदवावे, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही सुरू करू नये. एका स्पीकरच्या बचतीत ट्रान्सफॉर्मर गमवावा लागतो.