माळशिरसच्या माळावरची लाल वाइन

कर्वेनगरातील आमच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली आजीच्या काळापासून अव्याहत नांदत आली असून, धायटीच्या फुलांनी आंबवलेल्या त्या औषधात मद्यार्क असतो ही गोष्ट, पूर्वीचे हिंगणे बुद्रुक पुढे महर्षी कर्व्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागल्यानंतरही, येथल्या सोवळ्यातल्या माणसांनी कधी मनावर घेतल्याचे स्मरत नाही. तिच्या शेजारी ‘सेत्ते’ नावाच्या लाल वाइनची बाटली येऊन उभी राहिली तेव्हा मात्र घरात कुजबुज झाली. आणि ती वाइन अकलूजची, म्हणजे सराटीला नीरास्नान उरकून तुकोबांची पालखी जेथे मुक्कामाला येते आणि ऊस व साखर कारखाना यांखेरीज दुसरे वैभव सांगण्याची कोणास गरज भासत नाही त्या मुलखातली, हे कळल्यावर कुजबुजीची जागा कुतूहलाने घेतली.

राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारीत सवलत दिली, तिचा मोठा लाभ नाशिकने उठवला. पुढे काही वर्षांनी इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या आणि ‘सेत्ते’ बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीस ‘फ्रातेल्ली’, म्हणजे ‘भाऊ’, हे इटालियन नाव मिळाले. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी सातवे; म्हणून ‘सेत्ते’, म्हणजे सात. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे मळे उभे राहिले.

द्राक्षवेल ही थंड मुलखातली. हिवाळ्यात पाने गाळून निजणे हा तिचा धर्म. आपल्याकडे तिला झोप लागेल असा गारठाच नसल्याने माणसाला कात्री चालवून ऋतू घडवावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पुढील पिकाच्या काड्या तयार करायच्या, पावसाळ्यात वेलीला केवळ पालवीवर वाढू द्यायचे, आणि पाऊस ओसरला की फळछाटणी करून घड धरायचे. युरोपात सप्टेंबरात पिकणारे द्राक्ष येथे जानेवारीपासून मार्चपर्यंत, रात्रीच्या गारव्यात आणि दिवसागणिक चढत जाणाऱ्या उन्हात पिकते. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला तर डाऊनी आणि भुरी या रोगांचा अंमल सुरू होतो, हे बागायतदारास सांगावे लागत नाही.

खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा व पातळ सालीचा हवा. वाइनचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा. उसाला कालव्याचे पाणी पाजून पोसणाऱ्या शेतकऱ्याला वेलीची तहान मुद्दाम थोडी राखणे, घड कमी ठेवणे, हे सुरुवातीला उलटेच वाटणार. परंतु भरदारपणा येतो तो याच काटकसरीतून. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मळ्यात एकाने मला मणी चघळून बी थुंकायला लावली. ती तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटली की माल पिकला, हिरवी असली की थांबायचे. साखरमापक त्याच्या खिशात होताच, पण भरवसा त्याचा दातावर.

रस बहुधा पांढराच असतो, रंग सालीत. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींचे मिश्रण असलेल्या ‘सेत्ते’साठी साल रसासोबत आंबत ठेवतात, तेव्हा रंगाबरोबर टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तोंड ओढणारा तुरटपणा, उतरतो, पुढे ओकच्या पिंपांत ती धार बोथट होते. उन्हाळ्यातल्या वाइनीला हे ओझे पेलत नाही, असे माझे मत. ‘सेत्ते’ला जेवण हवे. आमच्याकडे तिच्यासोबत काळ्या मसाल्याचा सोलापुरी मटणरस्सा झाला. तिखटाने तुरटपणा अधिकच बोचू लागला, तेव्हा पुतण्याने रस्सा बाजूला सारून नुसता तव्यावर परतलेला तुकडा खाल्ला, आणि दुसऱ्यांदा पेला पुढे केला.