पाण्याखाली दम धरू नका

चंद्रपूर-गडचिरोलीहून मालवण जवळपास हजार किलोमीटर. तरीही दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाऊन ‘स्कुबा करून आलो’ असे सांगणारी मंडळी आता आपल्याकडेही भेटतात. पर्यटकांच्या त्या डाईव्हमध्ये गाईड धरून खाली नेतो, फोटो काढतो आणि थोड्या वेळाने वर आणतो. घाबरायला फारशी सवड मिळत नाही. खरी धाकधूक सुरू होते ती पुढे, रीतसर कोर्स करून आपले जाकीट, आपला मास्क, आपली हवा आपणच सांभाळायची वेळ येते तेव्हा. प्रमाणपत्र हातात असते, नावावर चार-पाच डाईव्ह असतात आणि बोटीच्या काठावर बसल्यावर मात्र छातीत धडधड होते.

ही भीती भित्रेपणाची खूण नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी 1995 मध्ये मांडलेल्या पाहणीत, अनुभवी डायव्हरांपैकीही निम्म्याहून अधिक जणांनी पाण्याखाली एकदा तरी आपण पार घाबरून गेल्याचे सांगितले होते. आपल्याकडे तर पाण्याला भिण्याची सबळ कारणे आहेत. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. खोल पाण्यापासून लांब राहा, हे इथल्या आईबापांचे सांगणे अगदी योग्यच आहे.

गंमत अशी, की वैनगंगेच्या काठी वाढलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही स्कुबा अवघड जाऊ शकते. नदीत डुबकी मारताना आपण पहिली गोष्ट कोणती करतो? दम धरतो. ती सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते. स्कुबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. म्हणजे शरीर ज्याला सुरक्षित समजते, तेच इथे धोक्याचे.

ते का, हे समजले की अर्धी भीती ओसरते. पाण्यात दर 10 मीटरला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 10 मीटरवर छातीत भरून घेतलेली 5 लिटर हवा, श्वास रोखून तसेच वर आल्यास पृष्ठभागाशी 10 लिटर होऊ पाहते. फुप्फुसांत तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात. भरल्या छातीने दम धरलेला असेल, तर जेमतेम मीटर-सव्वा मीटर वर येणेही इजा करायला पुरेसे ठरते. घाबरून वर धावणे म्हणूनच वाईट. वर यायचेच असेल तर सावकाश, श्वास चालू ठेवून.

आता घाबरल्यावर शरीरात काय होते ते पाहू. आपण निवांत असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे 150 मिलिलिटर हवा घसा आणि श्वासनलिकेतच राहते, तिचा उपयोग होत नाही. मिनिटाला 12 श्वास धरले, तर 6 लिटर हवेपैकी 4.2 लिटर कामी येते. आता भीतीने श्वास उथळ आणि भराभर झाला समजा: 250 मिलिलिटरचे 24 श्वास. एकूण हवा तीच, 6 लिटर. पण उपयोगाची किती? फक्त 2.4 लिटर. रेग्युलेटरच्या आतली जागा यात आणखी थोडी भर घालते. शिवाय खोलीवर हवा दाट होते आणि ती आत-बाहेर करायला जास्त जोर लागतो. परिणामी शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो. ‘हवा पुरत नाही’ ही भावना मुख्यतः त्याच्यामुळे होते, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. सिलिंडर भरलेला असतो आणि माणसाला मात्र गुदमरल्यासारखे वाटते. मग तो आणखी भराभर श्वास घेतो.

हे चक्र तुटते ते श्वास सोडण्याने. हातपाय मारणे थांबवा. दोरी किंवा जोडीदाराचा हात धरा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मध्ये अडवणूक नाही. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोकेही मंदावतात. पाच-सहा श्वासांनंतर मगच पुढे काय करायचे ते ठरवा. बोटीवरही तयारी झाल्यावर दोन मिनिटे हेच करावे. गप्पा आणि सेल्फी नंतर.

नवख्यांना सर्वांत जास्त छळतो तो मास्क. त्यात थोडे पाणी शिरले, नाकाला लागले, की ‘बुडालो’ असा संदेश मेंदूला जातो, तोंडात रेग्युलेटर व्यवस्थित असला तरी. याचा सराव आपल्या गावाजवळच्या तरणतलावातही होतो. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून, कोणी तरी सोबत असताना, मास्क न लावता फक्त स्नॉर्केलने तोंडाने श्वास घ्यायचा आणि चेहरा पाण्यात ठेवायचा. पहिल्या दिवशी दहा सेकंदही जड जातात. आठवडाभरात नाकाला लागणारे पाणी नुसते पाणी वाटू लागते. हा सराव धरणात किंवा कोळसा खाणींच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत मात्र मुळीच करू नये.

पायरीपायरीने भीती कमी होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांना थेट हिमालयात नेले नव्हते. आधी लहान चढाया, मग मोठ्या, असे प्रशिक्षण झाले होते. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कुबा केंद्रातही समुद्राआधी तलावात शिकवतात. तलावातला भाग घाईने उरकणारा कोर्स स्वस्त पडला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष दिवशी काही साध्या गोष्टी. लांबच्या प्रवासानंतर एक रात्र नीट झोप घ्या. आदल्या रात्री दारू नको, भीती घालवण्यासाठी गोळीही नको. सर्दी असेल तर डाईव्ह नाही, कारण कानातला दाब जुळत नाही. पाय खाली ठेवून, दोरी धरून, सावकाश उतरा. कान दुखला तर थोडे वर या. आणि हे पक्के ध्यानात ठेवा: कोणतीही डाईव्ह, कोणत्याही क्षणी, कारण न देता रद्द करण्याचा हक्क प्रत्येक डायव्हरला आहे. पैसे भरलेत, सोबतचे हसतील, हे विचार बोटीवरच ठेवावेत. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा आहे. तो दाखवायला लाजू नका.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी एक वेगळी सूचना. इथे सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. प्राणवायूची कमतरता, शरीरातील पाणी घटणे, थंडी आणि अतिश्रम यांनी रक्तपेशी विळ्यासारख्या होतात व रक्तवाहिन्या तुंबतात. डाईव्हमध्ये यातले काहीही घडू शकते. त्यामुळे हा आजार असलेल्यांनी डाईव्हचा बेत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये. केवळ वाहक असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा. तपासणी झालीच नसेल, तर ती सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येते. दमा, हृदयविकार, फिट येणे, पूर्वी अचानक तीव्र घबराटीचे झटके आलेले असणे, हेही डॉक्टरांना सांगायला हवे. कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. ती किनाऱ्यावर, सगळे तयार होऊन बसलेले असताना, प्रामाणिकपणे भरली जात नाही. तिकीट काढण्यापूर्वी मागवा आणि घरी बसून भरा.