ओरडू नका, समोर या

वस्तीत कुणाला ऐकू येत नसेल, तर लोक दोनच गोष्टी करतात. एक तर मोठ्याने ओरडतात, नाहीतर त्या माणसाशी बोलणेच सोडून देतात. दवाखान्यातही तेच. दुखणे सुनेचे, आणि सांगते सासू. वॉर्डात नोकरी करताना आणि आता वस्त्यांतून फिरताना आम्ही हे पाहत आलो आहोत. सांगणारी चुकली, तर उपचारही चुकतो.

कर्णबधिर माणसे रोज आपल्याशी बोलतात. ओठ वाचतात, खुणा करतात, लिहून दाखवतात, मोबाइलवर मेसेज पाठवतात. प्रत्येक वाट कुठे अडते हे ऐकणाऱ्यांनी समजून घेतले, तर बोलणे पुढे सरकते.

ओठांचेच बघा. 'पोट', 'बोट' आणि 'मोट' हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ख, ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ओठांवर दिसतच नाहीत. त्यामुळे ओठ वाचणाऱ्याला बराचसा अंदाज करावा लागतो. "पोट दुखते का?" असे विचारताना स्वतःच्या पोटावर हात ठेवा. ओरडू नका, त्याने ओठांचा आकार बिघडतो आणि श्रवणयंत्र लावलेल्या कानाला त्रास होतो. दाराकडे पाठ करून उभे राहिलात, तर आतल्या माणसाला तुमचा चेहरा अंधारा दिसतो. उजेड तोंडावर घ्या. तोंडात तंबाखू नको, तोंडावर पदर नको. हाक ऐकू जात नाही, म्हणून खांद्यावर हलकेच हात ठेवा किंवा समोरून हात हलवा.

खुणांची भाषा म्हणजे नकला नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. त्यात 'तू कुठे राहतोस?' हे 'तू, राहणे, कुठे' अशा क्रमाने येते, आणि प्रश्न भुवयांवरही दिसतो. ज्यांना ही भाषा शिकायला मिळाली नाही, त्यांच्या घरात घरच्याच खुणा तयार होतात. त्या घराबाहेर कुणाला कळत नाहीत, आणि माणूस घरापुरताच उरतो. दिल्लीत २०१५ साली या भाषेचे सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यांच्या शब्दकोशात २०२१ साली १०,००० शब्द झाले होते. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट पाहता येतात. पाणी, ताप, दुखणे, औषध अशा वीस खुणा तरी घरातल्या सगळ्यांनी शिकाव्यात.

लिहून देताना लांब वाक्ये नकोत. खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला मराठी ही दुसरी भाषा असते. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य काढा, चंद्र काढा आणि शेजारी १ लिहा. मग "समजले का?" असे विचारू नका. मान कुणीही हलवतो. "गोळी कधी घेणार, दाखव" असे म्हणा.

एक गोष्ट मात्र टाळा. आईचे अंगावरून जाणे डॉक्टरांना सांगण्यासाठी दहा वर्षांच्या मुलीला मध्ये घालू नका. आई लाजेने अर्धे लपवते, मुलगी अर्धे चुकीचे सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये 'संवाद' या शब्दात सांकेतिक भाषाही धरली आहे. दुभाषी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. दुभाषी आला तरी डॉक्टरांनी बोलायचे ते रुग्णाकडे पाहून.

दवाखान्यात नंबर पुकारतात, तो कर्णबधिराला ऐकू जात नाही, आणि त्याची पाळी निघून जाते. केसपेपर काढतानाच खिडकीवर सांगा: "यांना ऐकू येत नाही, नंबर आला की हाताने बोलवा." रांगेत शेजारी कुणी असे बसले असेल, तर एवढे तुम्हीही सांगू शकता.