नवजात बालकाचा मेंदू व रक्तदाब

रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उतारवयातील माणूस येतो, आणि काळजी वाटते ती दाब वाढण्याची. परंतु नुकत्याच जन्मलेल्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकाला भय असते ते दाब उतरण्याचे. ते का, एवढेच येथे आम्ही सांगणार आहोत.

मेंदूला प्राणवायू व साखर रक्तातून अखंड मिळावी लागते. त्यांची शिल्लक त्याच्यापाशी फारशी नसते. म्हणून निसर्गाने एक सोय केली आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब थोडा खालीवर झाला, तरी मेंदूतील सूक्ष्म रोहिण्या आपोआप रुंद वा अरुंद होऊन प्रवाह सारखा राखतात. जन्मतःच अत्यवस्थ झालेल्या बालकांत ही सोय बिघडलेली असते, हे लू, लासेन व फ्रीस-हान्सेन या डॅनिश संशोधकांनी १९७९ साली दाखवून दिले. अशा बालकाचा दाब उतरला की मेंदूचा रक्तपुरवठाही उतरतो.

पाटाचे पाणी आटले की आधी सुकतो तो शेवटचा वाफा. अपुऱ्या दिवसांच्या बालकात हा वाफा म्हणजे मेंदूतील पोकळ्यांभोवतालचे पांढरे द्रव्य. पायांकडे आज्ञा नेणारे तंतू त्याच्यातूनच जातात. मूल वर्षाचे होऊन गेले तरी पाय ताठच का, असे आई विचारते, तेव्हा त्याचे मूळ कित्येकदा या इजेत असते. अर्थात उतरलेला दाब हे तिचे एकमेव कारण नव्हे. जंतुसंसर्गानेही ती होते.

मग औषधाने दाब चढवला की झाले? तसे नाही. त्याच पोकळ्यांच्या कडेला अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. एकदम लोंढा आला तर त्या फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचा संभव असतो. म्हणून जाणता डॉक्टर नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. बालकाचा रंग, लघवी व हालचाल तो पाहतो आणि दाब उतरण्याचे कारण शोधतो.

आपल्या हाती काय आहे? दिवस भरण्यापूर्वी कळा सुरू झाल्यास नवजात बालकांच्या उपचारांची सोय असलेले रुग्णालय वेळीच गाठणे. बालक ठीक असल्यास नाळ निदान एक मिनिट थांबून कापतात. तेवढ्यात वारेतील रक्त त्याच्याकडे येते. त्या मिनिटाला कोणी उशीर म्हणू नये, एवढेच आमचे सांगणे.