बसचा अपघात व भरपाईची दाद

बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं दरसाल परमुलुखास जातात. वाटेंत बस उलटून घरचा कर्ता पुरुष दगावला, तर त्याच्या विधवेनें दाद कोठें मागावी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तिची सोय केली आहे. अपघात कोल्हापुराकडे घडला तरी ती राहत्या ठिकाणीं, म्हणजे बीडच्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करूं शकते. चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास मालकही जबाबदार ठरतो. भरपाई मृताची कमाई व आश्रित पाहून ठरते. दोष सिद्ध करणें अशक्य असल्यास कलम १६४ अन्वयें मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मागतां येतात. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यानें अर्जास ६ महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून शोकाच्या दिवसांतच पंचनामा व कमाईचे पुरावे जमविणें अगत्याचें होय.