तिळाचं बोंड उघडतं तेव्हा

‘तिळा तिळा दार उघड!’ हा मंत्र मराठी घरांत न उघडणाऱ्या डब्यापुढेही म्हटला जातो. हा मंत्र ज्या अलिबाबाच्या गोष्टीतला, ती अरबी कथांच्या जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. अलेप्पोच्या हन्ना दियाबने ती १७०९ साली पॅरिसमध्ये अनुवादक आंत्वान गालाँ यांना सांगितली आणि पुढे ती फ्रेंचमध्ये छापून आली.

गोष्टीत गुहेत अडकलेला अलिबाबाचा भाऊ कासीम नेमका तीळ विसरतो. जवाचं नाव घेतो, बाकीची धान्यं आठवून पाहतो, दार ढिम्म हलत नाही. मला वाटतं, त्याची चूक कुठल्याही शेतकऱ्याला चटकन कळेल. जवाचं कणीस पिकलं तरी मळल्याशिवाय दाणा सोडत नाही. तीळ मात्र आपणहून दार उघडतो!

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या आसपास आता उसाचं राज्य आहे, पण पावसाळ्याच्या अखेरीस कुठे बांधाकडेला तीळ दिसलाच तर जरूर थांबा. बोंड जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचं, उभ्या खाचांचं. आतल्या खणांत दाणे एकावर एक रचलेले. असे हजार दाणे तोलले तर सुमारे तीन ग्रॅम भरतात. हिरवेपणी बोंड घट्ट मिटलेलं असतं. वाळताना त्याच्या भिंतीचे थर सारखे आकसत नाहीत. आतला कडक थर फारसा हटत नाही, बाहेरचा मऊ थर पाणी गमावून जास्त आखडतो. त्या ओढीने शेंड्याकडून शिवण उसवत जाते आणि पाकळ्या बाहेर वळतात. नवल म्हणजे हे सारं काम वाळून मेलेल्या पेशी करतात.

ताटावर खालची बोंडं आधी पिकतात, तेव्हा वरची कोवळीच असतात. म्हणून शेतकरी बोंडं उकलण्याआधीच कापणी करतो, पेंढ्या बांधून उन्हात उभ्या ठेवतो, वाळल्या की ताडपत्रीवर उलट्या धरून झटकतो. उशीर झाला तर पीक मातीत.

तिळाशी आपली ओळख फार जुनी: त्याचा रानटी भाऊबंद आपल्या पश्चिम किनारपट्टीच्या बाजूला उगवतो आणि हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ मिळाले आहेत.

बोंड उकलून दाणे सांडण्यावर उपायही शोधला गेला. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात तिळाचे संशोधक लँगम यांना न उकलणाऱ्या बोंडाचं झाड सापडलं. यंत्राने कापणी होईल, अशी आशा वाटली. पण ती बोंडं इतकी चिवट निघाली की फोडताना दाणेच दुखावत. आपल्याकडे तीळ अजूनही बहुतेक हातानेच कापला-झटकला जातो.