बंदुकीच्या नळीवरील निळी झांक
पुण्याच्या जुन्या घरांत एखादे वेळीं आजोबांची दुनळी बंदूक जपलेली आढळते. तिजवर गंज दिसतांच पितळी भांड्याप्रमाणें ती घासूं नये; कारखान्याची मोहोर एकदां पुसली कीं परत येत नाहीं.

जुन्या पद्धतीचा कारागीर नळीचा तेलकटपणा काढून तिजवर पातळ, सारखा गंज मुद्दाम चढवितो व ती पाण्यांत उकळतो. त्यायोगें तांबडा गंज काळा बनतो. सुटी काजळी तो मऊ तारेच्या ब्रशानें झाडतो. हा क्रम अनेकदां केल्यावर निळसर काळी झांक येते. दाहक क्षारांच्या उकळत्या द्रावणानें काम लवकर उरकतें. पण नळ्यांमधील कथलाच्या डाखास तें अपाय करतें.

ही झांक झिजलेल्या नळीस बळकटी देत नाहीं. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना असलेल्या कारागिराकडूनच बंदूक तपासून घ्यावी.